वीज जाण्याआधीच्या नोंदी

दुसऱ्यांच्या चुका शोधून मी पोट भरलं आहे. आधी वर्तमानपत्रात, मग कॉम्प्युटरच्या कामात. माझी स्वतःची एक चूक मात्र — चूक हा शब्द इथे बसत नाही, तो पुढे बदलेन — मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. ज्याला सांगायला हवी होती तो माणूस समोर उभा राहून विचारत होता, तेव्हाही नाही.

मग आता तुम्हाला का? कारण ठरवलं आहे. ठरवायला इतकी वर्षं लागली, यातच बरंच काही आलं.

बातमीचा गाभा पहिल्या परिच्छेदात यायला हवा, असं मी नव्या बातमीदारांना शिकवत असे. आज मला ते जमत नाही. तीनदा पहिला परिच्छेद लिहिला आणि तिन्ही वेळा तो माझ्या बाजूला कललेला निघाला. म्हणून घडलं त्या क्रमानं सांगते.

१९९९ मध्ये मी गोंदियातल्या एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात लागले. आमगाव, सडक अर्जुनी, आणखी कुठून कुठून बातमीदारांचे फॅक्स यायचे. नावं, आकडे, गावं तपासायची, वाक्य सरळ करायचं, पान नागपूरला पाठवायचं. जखमी तीन की चार, हे ठाण्यात दोनदा फोन करून विचारल्याशिवाय मी बातमी सोडत नसे. तिथे मी आणखी एक गोष्ट शिकले, ती कोणी शिकवली नव्हती. ज्यातला एकही शब्द खोटा नाही, आणि तरी वाचणाऱ्याला हवं तिकडे नेता येतं, असं वाक्य कसं लिहायचं ते. कोणी दुखावला जाऊ नये म्हणून, कधी जाहिरातदार सांभाळायचा म्हणून. मला ते चांगलं जमायचं.

काही वर्षांनी पान लावण्याचं काम नागपूरला गेलं, कार्यालय आटोपलं. कॉम्प्युटर मला पान लावता लावता आला होता. त्यात एक अभ्यासक्रम केला आणि बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर असलेल्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागले. मालक विनोदभैया. आपल्या गोंदियाच्या रीतीप्रमाणे त्यांचं सगळं हिंदीत. "तू पेपरवाली है, तेरे को गलती दिखती है," म्हणाले, आणि मला तपासणीचं काम दिलं.

काम आलं ते आमगावच्या बाजूच्या एका नळयोजनेचं. काही गावं, दोन पंपघरं, दोन टाक्या. टाकी भरली की पाण्यात ब्लिचिंग पावडरचं द्रावण सोडतात, आणि पंप कधी चालू केला, औषध कधी टाकलं, पंप कधी बंद केला याची नोंद ऑपरेटरनं ठेवायची असते. तोवर ती रजिस्टरमध्ये व्हायची. ती रजिस्टरं मी पाहिली होती. पंधरा-पंधरा दिवस एकाच शाईत, एका बैठकीत उतरवलेले. म्हणून आता पंपघरात कॉम्प्युटर. ऑपरेटरनं बटण दाबलं की वेळेसह एक ओळ फाईलीत जाणार. त्या फाईलीला लॉग म्हणतात. मागाहून बसून पंधरा दिवसांचा लॉग लिहिता येत नाही, हे त्यातलं मुख्य. मला ते काम मनापासून आवडलं होतं. रजिस्टर बंद करा, दोन-दोन नोंदी नकोत — हे बैठकीत मीच आग्रहानं मांडलं होतं.

प्रोग्राम लिहिणारा अर्धवट टाकून पुण्याला गेला. उरलेला मी लिहिला. तपासलाही मीच. लिहिणारा आणि तपासणारा एक नसावा, हे पेपरातल्या माणसाला सांगावं लागतं का?

तपासणी कशी होती ते थोडं सांगावंच लागेल, कारण गोष्ट तिथेच आहे. डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम हव्या त्या ठिकाणी थांबवून त्याच्या पोटात काय चाललं आहे ते पाहण्याचं साधन. मी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिली होती. ती प्रोग्राम डीबगरमध्ये चालवायची, ऑपरेटरच्या जागी स्वतःच नोंदी करायची, प्रत्येक नोंदीपाशी प्रोग्राम थांबवायची, लॉगची फाईल उघडायची आणि मी आधी लिहून ठेवलेल्या अपेक्षित फाईलशी ओळ न् ओळ ताडून पाहायची. जुळलं तर उत्तीर्ण. एक अक्षर वेगळं निघालं तर नापास. प्रुफं तपासण्याचंच काम, फक्त तपासनीस न थकणारा. अशा अडतीस चाचण्या होत्या. एक कळ दाबायची आणि चहा पिऊन यायचं.

आता, प्रोग्राम ओळ लिहितो म्हणजे ती त्याच क्षणी डिस्कवर जाते असं नाही. ती आधी मेमरीत साठते. बऱ्याच ओळी जमल्या, किंवा प्रोग्राम नीट बंद केला, की एकदम उतरतात. आमचे बातमीदार एकेक ओळ फॅक्स करत नसत, पान भरलं की करत — तसंच. पान भरायच्या आत वीज गेली तर त्या ओळी गेल्या. मागे काही उरत नाही.

आणि माझी स्क्रिप्ट? थांबवलेल्या प्रोग्रामची फाईल वाचायची तर मेमरीतल्या ओळी आधी डिस्कवर उतरायला हव्यात. म्हणून ती प्रत्येक थांब्यावर डीबगरकरवी त्या उतरवून घ्यायची. मग तुलना. तुलना नेहमी जुळायची. तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या दोन महिने आलं नाही. नोंदी डिस्कवर नेत होती माझी स्क्रिप्ट. प्रोग्राम एकटा असला तर नेतो का, हे मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

पाहिलं ते काम द्यायच्या आदल्या दिवशी, तेही योगायोगानं. सगळं झालं म्हणून सहज, डीबगरशिवाय, प्रोग्राम चालवून मी हातानं नोंदी करत होते. दुपारी माडीवरची वीज गेली. आली तेव्हा लॉग उघडला. केलेल्या नोंदींपैकी एकही नव्हती.

मी काय केलं ते नेमकं सांगते. एकोणचाळिसावी चाचणी लिहिली. डीबगर नाही, उतरवून घेणं नाही. नोंदी करायच्या, प्रोग्राम मध्येच तोडायचा, आणि मग लॉग पाहायचा. सात वेळा चालवली. सात वेळा नापास. उपायही तासाभरात सापडला. प्रत्येक नोंदीनंतर लगेच डिस्कवर लिही, असं सांगणारी एक ओळ. एकच.

ती ओळ मी घातली नाही.

घातली असती तर विनोदभैयांना सांगावं लागलं असतं की दोन महिन्यांच्या ज्या चाचण्यांचा मी रोज तोरा मिरवला, त्यांनी मुख्य गोष्ट तपासलीच नव्हती. सगळं पुन्हा तपासावं लागलं असतं, तारीख गेली असती. संध्याकाळी ते जिना चढून आले. "हो गया ना? कल सुबह गाड़ी निकलेगी."

"हो गया, भैया," मी म्हणाले.

नापास झालेली चाचणी मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. उरलेल्या अडतीस चालवल्या. अडतीसपैकी अडतीस उत्तीर्ण. छापून सही केली.

पंपघरात यूपीएस देणार आहेत, म्हणजे वीज गेली तरी कॉम्प्युटर चालेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बसवायला गेले तेव्हा कळलं, यूपीएस आला होता. तो योजनेच्या कार्यालयात साहेबांच्या टेबलाखाली लागला होता. मी पाहिला. पाहून पंपघराकडे गेले.

तिथले ऑपरेटर ताराचंद रामटेके. पन्नाशीचे, खिशाला पेन लावणारे, बोलायला सरळ. पंधरा वर्षं त्याच टाकीवर. कॉम्प्युटरला त्यांनी पहिल्यांदा हात लावला तो माझ्यासमोर. एका बोटानं बटण दाबलं, पडद्यावर ओळ उमटली, तसे हसले.

"झालं का जी ताई?"

"झालं भाऊ."

"आन् लाईन गेली त?"

पाहा. अडतीस चाचण्या लिहिणाऱ्या बाईला जो प्रश्न दोन महिने पडला नाही, तो या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत पडला. मी म्हणाले, "आली की पुन्हा चालू करायचं. मागचं सगळं फाईलीत असतं." हे खोटं होतं. याला वळणदार वाक्यसुद्धा लागलं नाही.

त्यांची कामाची रीत त्याच दिवशी पाहिली. तेव्हा तिकडे सकाळी दहाच्या आसपास लोडशेडिंग सुरू व्हायचं, कधी पंधरा-वीस मिनिटं आधीच. हे सहाला पंप चालू करून त्याची नोंद करायचे. टाकी भरत आली की वर चढून पावडरचं निवळलेलं पाणी सोडायचे, टाकी पूर्ण भरेपर्यंत थांबायचे, मग खाली येऊन पंप बंद करायचे आणि शेवटी कॉम्प्युटरपाशी बसून उरलेल्या दोन नोंदी करायचे. म्हणजे औषधाची नोंद व्हायची ती वीज जायच्या काही मिनिटं आधी. मी म्हटलं, आधी दाबून मोकळे का होत नाही? दुसऱ्या पंपघरातला ऑपरेटर तसंच करणार होता — सहाला तिन्ही नोंदी, प्रोग्राम बंद, आणि चहाला.

"टाकल्याबिगर लिवाचं कसं जी?" ते म्हणाले. "आधी लिवलो आन् मंग लाईनच गेली, त मी लबाड ठरलो का नाई?"

लाईन वेळेवर गेली तर त्यांना प्रोग्राम बंद करायला सवड मिळायची आणि नोंदी राहायच्या. लाईन आधी, म्हणजे नोंदी झाल्यावर पण प्रोग्राम बंद करायच्या आत, गेली की सकाळपासूनच्या तिन्ही जायच्या. दुसऱ्या पंपघराचा लॉग मात्र महिनोन् महिने अखंड. जो काम करण्याआधी लिहीत होता त्याचं काही हरवत नव्हतं. मी तयार केलेल्या यंत्रात हरवत होतं ते काम करून लिहिणाऱ्याचं. हे मला आज सुचलेलं नाही. त्या पंपघरात उभी असताना मला ते स्पष्ट कळत होतं.

पुढच्या पावसाळ्यात ताराचंदभाऊंच्या टाकीवरच्या एका गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. शाळेच्या दोन खोल्यांत माणसं झोपवली, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या. कोणी दगावलं नाही. हे मी दोन ठिकाणी विचारून लिहिते आहे.

लॉग मागवला गेला. मीच छापून दिला. त्या पंधरवड्यात पाच दिवस कोरे होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ताराचंदभाऊ बौद्ध. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला त्यांचा हात लागतो, हे गावातल्या काही घरांना पंधरा वर्षं खटकत होतं. पण म्हणायला काही सापडत नव्हतं, कारण माणूस कामात चोख. आता सापडलं. "आमी त तवाच म्हणलो होतो, टाकीवर त्याले बसवू नका" — हे चौकशीच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यावर एकजण म्हणाला, "आता त कम्पुटरच सांगून राहिला, आपन काय बोलाचं?" आणि चारजण हसले. तो कॉम्प्युटर माझा होता.

चौकशी ग्रामपंचायतीच्या खोलीत झाली. अधिकारी, सरपंच, विनोदभैया, मी. ताराचंदभाऊंना बसायला सांगितलं नव्हतं. ते दाराशी उभे होते. हातात भिंतीवरचं कॅलेंडर, गुंडाळी करून आणलेलं. रजिस्टर बंद झाल्यावर त्यांनी आपल्या समाधानासाठी त्यावर खुणा करायला सुरुवात केली होती. औषध टाकलं की तारखेला निळ्या शाईची बरोबरची खूण. लाईन वेळेआधी गेली तर तिची वेळही.

"हे घरी बसून कोणीपण करेल," अधिकारी म्हणाले आणि कॅलेंडर टेबलावर माझ्या बाजूला सारलं.

म्हणून ते माझ्यासमोर आलं. शेजारी लॉगचा कागद होता. मला चुका दिसतात — त्यासाठीच मला नोकरी होती. लॉगमधले पाच कोरे दिवस आणि कॅलेंडरवर लाईन आधी गेल्याचे पाच दिवस एकच होते. पाचही. शिवाय त्या पाच दिवशी लॉगमध्ये पंप चालू केल्याचीही नोंद नव्हती. मग गावात नळाला पाणी कुठून आलं? ज्या पाण्यानं लोक आजारी पडले म्हणत होते, ते पाणी लॉगप्रमाणे टाकीत चढलंच नव्हतं. एवढं एक वाक्य मी बोलले असते तर लॉगचा कागद तिथल्या तिथे निकामी झाला असता. दुसरं कोणी ते का बोललं नाही, हा माझा विषय नाही. मला दिसलं होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, आणि प्रश्न अगदी नीट विचारला. "मॅडम, माणसानं नोंद केली आणि कॉम्प्युटरमध्ये ती राहिली नाही, असं होऊ शकतं का?"

मी म्हणाले, "सर, या प्रोग्रामच्या अडतीस चाचण्या झाल्या आहेत. सगळ्या उत्तीर्ण आहेत. अहवाल जोडलेला आहे."

त्यातला एक शब्द खोटा काढून दाखवा. नाही काढता येणार. चाचण्या झाल्या होत्या, अडतीस होत्या, उत्तीर्ण होत्या, अहवाल जोडलेला होता. प्रश्न 'होऊ शकतं का' असा होता. त्याचं उत्तर 'हो' होतं, आणि ते मला सात वेळा मिळालेलं होतं.

ताराचंदभाऊ दारातून म्हणाले, "मी टाकलो जी साहेब. रोज टाकलो. मशीनमंदी काऊन नाई, हे मले कायले विचारता? ज्या बाईनं बसवली तिले विचारा न."

"त्यांनाच विचारलं," अधिकारी म्हणाले. "ऐकलं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अहवालाची पानं सारखी करत होते.

त्या आठवड्यात त्यांना काढलं. कामात कसूर, एवढंच कागदावर होतं. गावात बोललं गेलं ते वेगळं — टाकीत औषध न टाकता पोरांना आजारी पाडणारा माणूस.

एवढ्यावर थांबले असते तरी पुरेसं होतं. पण पुढच्या सोमवारी मी ऑफिसात जाऊन ती ओळ प्रोग्राममध्ये घातली. वेगळी ठेवलेली चाचणी परत आणली, चालवली. एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस उत्तीर्ण. नवा प्रोग्राम दोन्ही पंपघरांत बसवला. बदलांच्या यादीत लिहिलं — किरकोळ सुधारणा.

विनोदभैयांनी विचारलं, "ये क्या डाला नया?"

"कुछ नहीं भैया, फाइल जल्दी लिखेगा."

"अच्छा है, अच्छा है," म्हणाले आणि फोनकडे वळले.

म्हणजे पाहा, प्रोग्राम मी सुधारला. दोष शोधणारी चाचणी होती, दुरुस्तीची ओळ होती, तारीख होती. त्या तिन्हींवरून ताराचंदभाऊ निर्दोष ठरले असते. मी ते सगळं 'किरकोळ' या एका शब्दाखाली घातलं. त्या जागेवर बसलेल्या नव्या माणसाच्या नोंदी त्यानंतर कधी हरवल्या नाहीत. साहजिकच गावात म्हणू लागले, माणूस बदलला आणि सगळं नीट झालं. म्हणून सुरुवातीला म्हटलं, चूक हा शब्द इथे बसत नाही. चूक आदल्या दिवशीच्या दुपारपर्यंत होती. नंतर जे झालं ते सगळं खोटं वागणं आहे, आणि त्यातलं प्रत्येक पाऊल मी पाहून टाकलं आहे.

हिवाळ्यात रस्त्याचं खोदकाम निघालं तेव्हा त्या गावाच्या वेशीवर नाल्याखालून गेलेली जलवाहिनी फुटलेली सापडली. टाकीपासून बरीच पुढे. नाल्याचं पाणी आत शिरत असणार. आजार त्यानंच आला, असं मी ठामपणे म्हणणार नाही. तपासणी कोणी केली नाही. पाईप बदलला, खड्डा बुजवला. ताराचंदभाऊंना परत बोलवा, असं कोणी म्हणालं नाही. मीही नाही.

मग वर्षं गेली. कंपनी बंद झाली. विनोदभैया रायपूरला गेले. मी एका कॉलेजात मुलांना प्रोग्राम तपासायला शिकवू लागले. वर्गात मी चांगली शिकवते. जी चाचणी नेहमी उत्तीर्ण होते तिच्यावर संशय घ्या, असं सांगते. मुलं लिहून घेतात.

एकदा सडक अर्जुनीहून परतताना कोहमाऱ्याच्या फाट्यावर बस थांबली. उतरून रस्त्याकडेला उभी होते. पलीकडे ट्रकच्या चाकात हवा भरणारा एक म्हातारा कॉम्प्रेसर बंद करून हात पुसत माझ्याकडे आला.

"ओळखलं का जी ताई?"

ओळखलं होतं. तो उठला तेव्हाच.

त्यांनी प्रवासाची चौकशी केली, मुलंबाळं विचारली. स्वतःचंही सांगितलं, तक्रार केल्यासारखं नाही, गावाकडची बातमी सांगावी तसं. गाव सोडलं. मुलगी सडक अर्जुनीला दिली आहे, तिच्याकडे राहतात. "गावात राहून काय करू? बायको नळावर जाय, त बाया बोलत — आज दवाई टाकली का विचारून ये तुया बुढ्याले. वरसभर आयकली थे. मंग म्हणे, चला इथून." थोडं हसले. मग म्हणाले, "एक विचारू का? रागाचं नाई."

"विचारा ना."

"माह्या नोंदी कोठी गेल्या जी?"

त्या घटकेला माझं काय जाणार होतं? कंपनी नव्हती. विनोदभैया नव्हते. योजनेचा तो प्रोग्रामही केव्हाच मोडीत निघाला होता. नोकरी सुरक्षित, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही. भीती वाटावी असं काहीही नव्हतं. समोरचा माणूस भरपाई मागत नव्हता, भांडत नव्हता. इतकी वर्षं एक कोडं घेऊन फिरत होता, आणि त्याचं उत्तर मला तोंडपाठ होतं.

मी म्हणाले, "माहीत नाही भाऊ."

"तुमाले नाई माईत, त कोनाले माईत असन?" ते म्हणाले. टोमणा होता की खरंच प्रश्न, मला आजही सांगता येत नाही. तेवढ्यात ट्रकवाल्यानं हाक मारली, "ओ काका, हवा!" आणि ते गेले. बस निघेपर्यंत त्यांनी दोन चाकं भरली. पुन्हा इकडे पाहिलं नाही.

चौकशीत बोलले नाही त्याला निदान भीती हे नाव देता येईल. कोहमाऱ्याला काय नाव द्यायचं? मी बराच विचार केला. तिथे मी खोटं बोलले, कारण खोटं सोपं होतं आणि समोरचा माणूस ते मानून घेईल हे मला ठाऊक होतं.

आता पुढचं. पेपरात चूक छापली गेली तर ती छापूनच दुरुस्त करायची असते. ज्याच्याबद्दल छापलं त्याच्या घरी जाऊन कानात सांगून भागत नाही, कारण वाचलेलं असतं गावानं. पण म्हणून त्या माणसाला वगळूनही चालत नाही. तेव्हा रविवारी सकाळी मी सडक अर्जुनीला ताराचंदभाऊंकडे जाणार आहे आणि हे सगळं त्यांना वाचून दाखवणार आहे. आधी कागदावर पक्कं केलं, कारण समोर उभी राहिले की मी वाक्य फिरवते. हे तीनदा सिद्ध झालं आहे. ते काय म्हणतील, घरात घेतील की दारातून परत पाठवतील, ते त्यांचं. त्याचा मी अंदाज करत नाही.

त्यानंतर त्यांच्या गावची ग्रामसभा आहे. मी ग्रामपंचायतीला पत्र दिलं आहे. त्यात विषय सांगितलेला नाही, निवेदन करायचं आहे एवढंच लिहिलं आहे. विषयपत्रिकेवर घेतलं नाही, तर ऐनवेळच्या विषयांत बोलायला उभी राहीन. बसवलं, तर चौकात वाचीन. जुना प्रोग्राम आणि ती नापास चाचणी माझ्याजवळ आहेत. ज्याला शंका असेल त्यानं प्रोग्राम चालवावा, नोंदी कराव्यात आणि मध्येच वायर ओढून पाहावी. वाचायचं निवेदन छोटं आहे. त्यात कुठेही वळण नाही, हे मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे. ते असं —

ताराचंद रामटेके यांच्या टाकीच्या लॉगमध्ये जे पाच दिवस कोरे होते, त्या पाचही दिवशी त्यांनी केलेल्या नोंदी वीज गेल्यामुळे नष्ट झाल्या. नोंदी टिकवण्याचं काम प्रोग्रामचं होतं आणि तो प्रोग्राम मी पूर्ण केला होता. वीज गेली की नोंदी जातात, हे कॉम्प्युटर बसवण्याच्या आदल्या दिवसापासून मला माहीत होतं. चौकशीत मला थेट विचारलं गेलं, तेव्हा मी ते लपवलं. नंतर मी दोष गुपचूप दुरुस्त केला. ताराचंद रामटेके यांनी मला स्वतः विचारलं, तेव्हाही मी खोटं बोलले. ते त्या दिवशी या गावात खरं बोलत होते. त्या खोलीत हे माहीत असलेलं माणूस एकच होतं, आणि ते मी होते.